डूड म्हणजे नक्की कोण?

"तू मला डूड का म्हणतोस?"

तिने विचारून टाकलं एकदाचं! पलीकडच्या फुटपाथवर मैत्रिणी एकमेकींना चिमटे काढत उभ्या होत्या, पैज त्यांचीच. सायकल दुरुस्तीच्या दुकानातला तो मात्र घमेल्यातल्या पाण्यात तिची ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत राहिला.

पहिलं पंक्चर खरं होतं. तेव्हाच तो म्हणाला होता, "झाली बघ, डूड." नंतरची पंक्चरं... जाऊ दे!

बाकीची गिऱ्हाइकं त्याला काका, ताई, मावशी. डूड एकटी तीच. आणि पुढच्या शिक्षणाला मावशीच्या गावी जायचं की नाही, ते आज घरी सांगायचं होतं. जायचं तर होतंच तिला—पण आपण याच्या कोण, हे न कळताच?

"मी लायब्ररीत शोधलं," ती एका दमात म्हणाली. "आधी डूड म्हणजे छानछोकीत राहणारा नटवा. मग अमेरिकेतल्या गुराख्यांच्या मुलखात हिंडायला आलेला शहरी बाबू. आता कुणीही—दोस्त, यार, समोर दिसेल तो. शब्द आला कुठून, यावर पंडितांचंही एकमत नाही. मग यातली मी कोण? नटवी?"

"आरशात बघ की..." तो हसला, पण हसू अर्ध्यावरच विरलं. "नटवा तर माझा दादा होता. पंक्चर काढायच्या आधी भांग पाडायचा—ग्रीसच्या हातांनी! मला दिवसभर डूड, डूड. असला वैताग यायचा..."

त्याने अंगातला निळा एप्रन खांद्यावर सावरला. तो त्याच्या मापाचा नव्हताच, हे तिला आत्ता दिसलं.

"दादा गेला, आणि घरात तो शब्दच बंद झाला. मीही कुणाला म्हटला नाही. मग तू आलीस, बडबडत सुटलीस... आणि आपोआप ओठांवर आला."

ती घमेल्याशेजारी उकिडवी बसली.

"आवडतेस तू मला," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "आणि आज पंक्चर नाहीये, डूड."

"माहितीये," ती हळूच म्हणाली. "म्हणून तर आले."

संध्याकाळी जेवताना तिने घसा खाकरला.

"आई, बाबा, मी मावशीकडे जाणार. सायकल मात्र दुकानातच ठेवणार."

"का गं? मोडली की काय?"

"छे, धडधाकट आहे!" आईचा वाढता हात थांबलेला तिने पाहिला, तरी ती थांबली नाही. "दुकानातला मुलगा मला आवडतो. सुट्टीत सायकल न्यायला येईन ना, तेव्हा त्यालाही घरी घेऊन येणार आहे."