मण्याचं बोचकं

फ्लॉरेन्सला घाण म्हणून खपायची नाही. आखातातल्या झल्लाकच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलात ती बावीस वर्षं चादरी-टॉवेलांचं खातं सांभाळत होती. आंटी डाग नाकाने शोधते, असं तिथल्या मुली म्हणायच्या, आणि खोटं नव्हतं ते. येत्या शुक्रवारी ती वसईला निघणार होती, लेकीच्या पहिल्या बाळाच्या बाप्तिस्म्याला. रेशमी झबलं तिने स्वतः शिवलं होतं, गळ्याशी निळ्या दोऱ्याचा एवढासा क्रूस काढून. बॅगेत सगळ्यात वर तेच ठेवलं होतं.

नेमकं त्याच आठवड्यात हॉटेलात जपानी प्रदर्शन आलं.

"आरसा, तलवार नि मणी," मॅनेजर गॅविनने सांगितलं. तोही वसईचाच. "जपानच्या सम्राटाची राजचिन्हं. खरी तिकडेच, ह्या नकला. पण रीत तीच, उघडायचं नाही. नवा सम्राट गादीवर येतो तेव्हा तलवार नि मणी त्याच्यापुढे झाकलेलेच आणतात. तोसुद्धा बघत नाही."

"मग लोकांनी काय बघायचं? बोचकी?"

"तुम्ही फक्त कापडाचं बघा आंटी. ओकाबेबाई सांगतील तसं."

ओकाबेबाई प्रदर्शनाबरोबर आलेल्या, सत्तरीच्या, हळू बोलणाऱ्या. मणी वाकडा असतो, काजूसारखा, हे त्यांनी बोटाने हवेत काढून दाखवलं. "कापड खराब झालं तर काढायचं नाही. वरून नवं गुंडाळायचं. माझ्या आधीच्या बाईंनी तेच केलं, मीही तेच करते."

"म्हणजे जुनं आत कुजत राहणार?" फ्लॉरेन्सच्या अंगावर शिसारीच आली. ओकाबेबाई नुसत्या हसल्या.

ऑगस्टची दमट हवा. तिसऱ्या दिवशी मण्याच्या बोचक्याला वास सुटला. आंबलेलं दूध, त्यात ओले केस. फ्लॉरेन्सने वरून नवं रेशीम गुंडाळलं. जेवणाच्या वेळेपर्यंत त्यावर पिवळट डाग उमटला होता, बोट लावलं तर बुळबुळीत. तिने तीनदा हात धुतले, तरी चपाती घशाखाली उतरेना.

पाहुणे नाकाला रुमाल लावू लागले. गॅविन वैतागला. "आंटी, वास गेल्याशिवाय तुमची लीव्ह सही करता येणार नाही मला. वरून फोन येतायत."

"शुक्रवारी माझ्या नातवाचं विमान आहे रे!" रागाच्या भरात तिचं बोलणंही उलटसुलट झालं. पण गॅविन केव्हाच वळला होता.

बस्स. दुपारी ओकाबेबाई जेवायला गेल्या, तशी फ्लॉरेन्स हातमोजे चढवून बोचकं घेऊन थेट लाँड्रीत आली. झाकपाक करून घाण जाते होय? म्हणे रीत! असली रीत तिच्या लाँड्रीत चालणार नव्हती.

पहिलं रेशीम तिचंच. त्याखालचं पिवळं. त्याखालचं तपकिरी, सायीसारखं बोटांना चिकटणारं. प्रत्येकाची शिवण वेगळी, प्रत्येक बाईचा हात वेगळा. अकरा पदर झाले. तिचे हात थांबेनात.

शेवटचं कापड इवलंसं होतं. बाळाचं अंगडं, दोन्ही बाह्यांची पोटावर गाठ मारलेलं.

तिने गाठ सोडली.

आत काहीच नव्हतं. फक्त कापडात उमटलेला एक वाकडा खळगा, आणि तो कोमट होता.

तिने सगळे पदर ब्लीच टाकून उकळत्या पाण्याच्या मशीनमध्ये घातले. हॉटेलच्या साबणाची एक कोरी वडी स्वच्छ रेशमात गुंडाळली आणि ते बोचकं जागेवर नेऊन ठेवलं. वास गेला. खलास. संध्याकाळी गॅविनने हसत हसत लीव्ह सही केली.

ओकाबेबाईंनी बोचकं उचललं, दोन्ही हातांत तोललं. मग त्या फ्लॉरेन्सपुढे वाकल्या, कमरेतून, खूप वेळ.

खोलीवर आल्या आल्या लेकीचा, रेबेकाचा, व्हिडिओ कॉल आला. मांडीवर बाळ.

"मम्मी, झबलं दाखव ना गं एकदा."

फ्लॉरेन्सने बॅग उघडली. झबलं वरच होतं, निळा क्रूसही जागच्या जागी. पण दोन्ही बाह्यांची पोटावर गाठ बसली होती.

तिने ते उचललं. जड लागलं. रेशमातून बोटांना काहीतरी लागलं, काजूसारखं वाकडं, अंगाइतकं गरम. खालचं कापड ओलं होत चाललं होतं, आणि तो वास.

"मम्मी? दाखव की."

"नाही बाय," फ्लॉरेन्स म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू झाला होता. "उघडायचं नाही ते."

तिने उशीचा अभ्रा ओढून काढला आणि झबल्यावर नीट गुंडाळला. मग दुसऱ्या उशीचाही काढून हाताशी ठेवला. पहिल्यावर पिवळा डाग उमटायला लागला होता.