साळूबाईचा कान

ही घडलेली गोष्ट आहे. मिरजगावात, एकाहत्तर सालच्या कार्तिकात, दिवेलागणीला.

गहिनीनाथ घराच्या ओसरीवरच रेडिओ दुरुस्त करायचा. समोरच्याचं बोलणं त्याला कळे, पण बारीक आवाज कानातून केव्हाच हरवले होते. म्हणून रेडिओ तपासताना कान त्याच्या बायकोचा असे. रेडिओत शिट्टी सोडणाऱ्या सिग्नल जनरेटरचं बटण तो हळूहळू कमी करी. रेडिओतली शिट्टी बारीक होत जाई. साळूबाई चुलीपाशी भाकरी थापता थापता ओरडे,

"हाय... हाय... अवं, गेला की आवाज!"

आणि वर टोमणा, "बहिऱ्याचा धंदा, अन् ताप माझ्या कानाला."

श्रावणात ती तापानं गेली.

मग त्यानं आवाज मोजणारा मीटर आणला. शिट्टी कमी होई तसा काटा उतरे. काटा टोमणे मारत नसे.

त्या संध्याकाळी आसारामचा रेडिओ समोर होता. गहिनीनाथनं बटण कमी केलं. काटा उतरला... शून्याला टेकला...

आणि पुन्हा उठला.

त्यानं जनरेटर बंद केला. वायर काढली.

काटा हलतच होता. वर... खाली... जरा थांबून पुन्हा वर. कुणी बोलत असावं तसा.

त्यानं स्पीकरला कान लावला.

काहीच नाही.

तेवढ्यात रेडिओ देऊन अंगणात बिडी ओढत बसलेला आसाराम पायरी चढला. तो परगावचा, वर्षाकाठी एकदा यायचा.

"मास्तर, ऐका की! वहिनी आतून कवाधरनं हाय, हाय म्हनत्यात."

गहिनीनाथनं स्पीकरवरून कान उचलला.

"आत्ता... बोलतीय?"

"व्हय. ही काय, परत म्हनल्या."

तो आत धावला. चूल थंड. पाट रिकामा.

"साळू," तो म्हणाला, "मोठ्यानं बोल गं. मला ऐकू येत न्हाई."

तो बाहेर आला तेव्हा काटा शून्यावर होता.

"गप झाल्या," आसाराम म्हणाला. "रागावल्या का काय?"

"तिला जाऊन तीन महिने झाले."

आसाराम रेडिओ तिथंच टाकून गेला. परत आलाच नाही.

पुढं काटा तसा कधी हलला नाही. गहिनीनाथनं मन घट्ट केलं.

मग एकदा गावात नवीन आलेली छबूबाई सेल घ्यायला आली. सेल पिशवीत टाकून निघाली... आणि आतल्या दाराकडं वळून म्हणाली,

"न्हाई बाई, च्या नको. उशीर हुतोय."

गहिनीनाथनं दाराकडं पाहिलं. आत अंधार होता. त्याला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं.

पायरी उतरणाऱ्या छबूबाईला त्यानं हळूच विचारलं,

"माझं... काय इचारलं का तिनं?"