माणशी तीस लिटर

"यान पृथ्वीवर परत जाईल," आजोबा म्हणाले, आणि सातवीतल्या शर्वाणीचं डोकंच फिरलं. त्या यानात तिची आई होती, आणखी सात जण होते. मंगळाभोवती घिरट्या घालत ते उतरायच्या परवानगीची वाट पाहत होते.

मंगळावरच्या या वसाहतीत श्वास शेवाळाच्या जिवावर चालायचा. शेवाळ पाण्यात वाढतं आणि दिव्यांच्या उजेडात प्राणवायू (श्वासाला लागणारा वायू) सोडतं. मोठ्या टाकीवर बारा माणसं जगत, छोटीवर तीन. वसाहतीत माणसं नेमकी पंधरा. सोळाव्याला हवा कुठून आणायची? आजोबा वसाहतीचे प्रमुख शास्त्रज्ञ, पण त्यांनीही हात टेकले होते. वर अडकलेली त्यांची स्वतःचीच लेक होती, त्यामुळे त्यांच्याशी भांडणंही जिवावर येत होतं.

शर्वाणी तरीही भांडली.

"पाणी किती आहे आपल्याकडे?"

"मोठीत सहाशे लिटर, छोटीत नव्वद. त्यापुढे थेंबही नाही. अगं, मोठी टाकी चौपट माणसं जगवते. तिथेच जमलं नाही, तर छोटीचं काय घेऊन बसलीस?"

"बारा आणि तीन असं बघूच नका, आजोबा! एका माणसामागे पाणी किती लागतं ते बघा."

तिने खडू घेतला आणि टाकीवरच गणित मांडलं. सहाशे भागिले बारा, पन्नास. नव्वद भागिले तीन, तीस. याला म्हणतात एकक दर (एका मापामागे पडणारं प्रमाण). लहानमोठ्या गोष्टींची तुलना करायची, तर आधी दोन्ही बाजू एकावर आणाव्या लागतात.

"तुमची लाडकी टाकी माणशी वीस लिटर पाणी जास्त खाते!"

आजोबांनी मोठ्या टाकीत वाकून पाहिलं. मोठी टाकी विहिरीसारखी खोल होती, छोटी परातीसारखी उथळ. "तळापर्यंत उजेडच पोचत नाही," ते पुटपुटले. पण हार मानतील तर आजोबा कसले! "छोटी टाकी खोल केलीस, की तिचाही दर बिघडेल. सगळं त्याच पटीत वाढतं असं धरून चालू नकोस."

"खोल करतंय कोण? उथळच ठेवायची, पसरायची. गोदामात सामानाची रिकामी खोकी आहेत ना?"

वसाहतीतल्या यंत्रमानवाने खोकी मांडली, वर दिवे लावले आणि प्रत्येकात मोठ्या टाकीतलं तीस लिटर पाणी शेवाळासकट ओतलं. दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. एका खोक्यातून एका माणसापुरता प्राणवायू, दोन खोक्यांतून दोघांपुरता, तीन खोक्यांतून तिघांपुरता. पाणी दुप्पट तर हवा दुप्पट, आणि पाणी नाही तर हवाही नाही. अशा नात्याला समचलन (दोन गोष्टी एकाच पटीत वाढणं किंवा कमी होणं) म्हणतात. उथळपणा आणि उजेड तोच ठेवला म्हणून ते जमलं.

मग मोठीतलं उरलेलं पाणीही खोक्यांत गेलं. छोटीसकट सगळं पाणी सहाशे नव्वद लिटर. भागिले तीस, तेवीस माणसं. पंधरा इथली आणि आठ वरची!

यानाला "उतरा" असं सांगताना आजोबांचा आवाज कापत होता. शर्वाणी तर चक्क रडत होती. मग डोळे पुसून आजोबा पुन्हा शास्त्रज्ञ झाले.

"आता मात्र एकही जागा उरली नाही. उद्या चोविसावा कुणी आला तर?"

"तर त्याला सांगा, येताना तीस लिटर पाणी घेऊन ये," शर्वाणी म्हणाली. "परत कुणालाच पाठवायचं नाही."