तीन निळे टाके

आईसाठी निवास निवडण्याचे काम माझ्याकडे आले, यात कुणालाच नवल वाटले नाही. वजनमापे निरीक्षक म्हणून मी तीस वर्षे दुकानांतले तराजू तपासत आलो. हा श्वाससुद्धा मोजूनमापून घेतो, असे माझी थोरली बहीण चारचौघांत सांगते. आईचा स्मृतिभ्रंश आता एकट्या माणसाच्या आवाक्यात राहिला नव्हता. मी सव्वीस प्रश्नांचा तक्ता आखला आणि दोनच संस्था उरेपर्यंत बाकीच्या खोडत गेलो.

पहिली पुलाजवळ : चार मजले, एका खोलीत तीन खाटा, फिनेलचा वास, आणि काही विचारले की घड्याळाकडे पाहणाऱ्या सेविका. दुसरी टेकडीच्या पायथ्याशी : बैठी इमारत, रुंद व्हरांडा, चार रहिवाशांमागे एक सेवक, उशीवरून झाड दिसेल अशी प्रत्येक खाट. तक्त्यात पहिलीला चौदा गुण पडले, दुसरीला तेवीस. वादाला जागाच नव्हती. आणि वादाला जागा नसली की मला चुकल्यासारखे होते, हे मी मान्य करतो.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आई घरी लोकांचे कपडे शिवत असे. गिऱ्हाइकांच्या ढिगात आमचे कपडे मिसळू नयेत म्हणून ती कॉलरच्या आतल्या बाजूला, मानेच्या मधोमध, निळ्या धाग्याची खूण करी. ताईला दोन टाके, मला तीन. शेवटी गाठ मारून धागा दातांनी तोडायचा, मग कात्री हाताशी असो वा नसो. मी नोकरीला लागलो, विकतचे शर्ट घालू लागलो, तरी तिने ही खूण सोडली नाही. गेले आठ महिने ती मला 'साहेब' म्हणते. मी तिला न्हाऊ घालतो, भरवतो, आणि त्याबद्दल ती माझे आभार मानते. पण मागच्याच महिन्यात नवा शर्ट तिच्या मांडीवर ठेवला, तर तिच्या बोटांनी आपणहून तीन टाके घातले. तोंड मला विसरले होते, हात विसरले नव्हते. माझ्यापाशी तेवढेच उरले होते.

एका दुपारी ताई आणि मी आईला घेऊन टेकडीखालचा निवास दाखवायला गेलो. व्यवस्थापिका बोलकी होती. एकेक दार उघडून ती आम्हाला पुढे नेत होती. धुतलेल्या कपड्यांच्या खोलीपाशी आई थांबली. आत माझ्याच वयाचा एक सेवक चादरींच्या घड्या घालत होता. पाठ फिरवली की आठवू नये, असा त्याचा चेहरा.

"धाकट्या," आई म्हणाली, "जेवलास का रे?"

या नावाने मला आईशिवाय कुणी हाक मारलेली नाही.

"तुझ्यासाठीच थांबलोय," तो म्हणाला, आणि स्टुलावर बसून त्याने तिच्यापुढे मान वाकवली.

आईने त्याची कॉलर उलटी केली आणि आतून अंगठा फिरवला. मी तिच्या मागेच उभा होतो. तीन निळे टाके होते. टाक्यांमधले अंतर, धाग्याचा ताण, किंचित डावीकडे झुकलेली शेवटची गाठ. माझ्या पेशात नक्कल ओळखावीच लागते. ही नक्कल नव्हती.

आई हसली.

व्यवस्थापिकेने समजावले की हे रहिवासी कुणालाही आपले मानतात, आणि सेवकांनी त्यांच्या कलाने घ्यायचे असते. निघताना मी त्याला बाजूला घेऊन त्या टाक्यांबद्दल विचारले.

"आईने घातलेत," तो शांतपणे म्हणाला. "तुम्ही नका काळजी करू, साहेब."

गाडीत आईने दोनदा विचारले, धाकटा आपल्याबरोबर का नाही आला. माझ्या छातीत जे पेटले होते त्याला भीती म्हटले असते तर चार लोकांत बरे दिसले असते. तो मत्सर होता. आठ महिने मी ज्या हाकेसाठी ताटकळलो, ती त्याला चादरीची घडी घालता घालता मिळाली होती.

"अरे, वर्षाने हसली ती," ताई घरी म्हणाली. "आणखी काय हवंय तुला?"

मी अंतराची सबब काढली, डॉक्टरांच्या फेऱ्यांची काढली, व्हरांड्याच्या पायऱ्यांची काढली, आणि शेवटी तक्ताच तिच्यापुढे ठेवला. पहिलीला एकवीस, दुसरीला सोळा. पारड्याला अंगठा लावणारे किती दुकानदार मी आजवर पकडले असतील; या खेपेस अंगठा माझा होता. ताईने आकडे पाहिले आणि तक्ता घडी घालून मला परत दिला.

आई पुलाजवळच्या संस्थेत गेली. तिच्या कपड्यांवर शाईने क्रमांक घालताना मला वाटले, आता ही पुन्हा माझी.

तीन दिवस मी कचेरीतून परस्पर तिच्याकडे जात राहिलो. तिन्ही संध्याकाळी ती ओठ घट्ट मिटून भिंतीकडे पाहत राहिली. चौथ्या दिवशी रजा टाकून दुपारीच गेलो, तर वाटी रिकामी होती.

दुपारच्या सेविकेने मला पूर्वी पाहिलेले नव्हते. "आज खाल्लं बाई," ती म्हणाली. "मुलगा रोज येतो ना त्यांचा, त्याच्याच हातून. आपण कोण?"

मी भेटीची वही ओढून घेतली. नाते : धाकटा मुलगा. चार दुपारी, चार सह्या. अक्षर माझे होते. वळण, वेलांटी, खालची रेघ, सगळे माझे.

मी जिन्यात येऊन ताईला फोन लावला.

"आता काय राहिलं?" ती म्हणाली. "मघाशीच तर बोललास. आई जेवली ते सांगितलंस." मग हळू आवाजात, "तक्ता बदलल्याचं कबूल केलंस, ते बरं केलंस हो. माझ्या मनात काही नाही."

ते मी कुणाजवळही बोललेलो नव्हतो.

आत येऊन आईच्या खाटेशेजारी बसलो; खुर्ची उबदार होती.

"उशीर केलात, साहेब," आई म्हणाली. "धाकटा आत्ताच गेला."

तिच्या खालच्या ओठाला निळ्या धाग्याचा एक बारीक तुकडा चिकटला होता.

मी प्रसाधनगृहात जाऊन कडी लावली. अंगात आईने टाके घातलेला तोच नवा शर्ट होता; तो काढला. कॉलर उलटी केली.

सुईची सहा छिद्रे होती. धागा नव्हता.

आणि तेवढ्या जागी कापड अजून ओले होते.