कुशाबाची हाळी

फुशारकी म्हणा हवं तर, पण माझ्या माहेरचे पणजोबा कुशाबा यांची हाळी पोलादपूरच्या त्या सगळ्या डोंगरात नावाजलेली होती. वाडीत गुरं बोलावायची प्रत्येक घराची हाळी वेगळी. कुशाबांनी "येऽऽ गो येऽऽ हो" केलं की दरीतल्या म्हशी चरणं सोडून वर चढायच्या. ती हाळी बाबांनी मला शिकवली. मुलगी म्हणून वगळलं नाही, याचा मला आजही तोरा आहे.

भाद्रपदात लेकीला ती वाडी दाखवायला निघालो. मी, नवरा नीलेश आणि सहा वर्षांची मीना. महाडला चहा झाला, सावित्री दुथडी भरलेली. पोलादपूर सोडून वळणं सुरू झाली, तसा उतारांवर पिवळा सोनकीचा गालिचा दिसू लागला. माझ्या तोंडाला खळ नव्हती. हा माळ आमचा, ते टेपाड आमचं!

नीलेश म्हणाला, "बाई, एखादा डोंगर तरी सरकारला ठेव!"

रस्ता संपला तिथल्या शेवटच्या घरात रामजीबाबा भेटले. म्हणाले, "वर आता कोण नाय गो. माणूस नाय, म्हस नाय. चौथरं तेवढं हायत. धुकं उतरायच्या आत फिर."

चढून गेलो. चौथऱ्यावर उभी राहून मी नीलेशला गोठ्याची जागा दाखवत होते, तेवढ्यात धुकं आलंच. भर दुपारी स्वतःचा पंजा दिसेना. आणि मीना जवळ नव्हती.

"मीना! मीनाऽऽ!"

नीलेश धावत सुटणार, मी त्याचा दंड घट्ट धरला. दहा पावलांवर सरळ कडा होता. कान देऊन ऐकलं. पानांवरून पाणी टपटपत होतं, बाकी काही नाही. देवाला हाक मारायला तोंड उघडलं आणि निघाली ती हाळी. बाबांनी शिकवलेली, बेंबीच्या देठापासून.

खालून उत्तर आलं...

पुरुषाचा आवाज. हाळी आमचीच, पण माझ्याहून कितीतरी सरस, अख्खी दरी भरून टाकणारी. मग खुरांची खडखड. शेणाचा, ओल्या कातडीचा उबदार वास नाकाशी आला. अंगावर सर्रकन काटा उभा राहिला. आणि खरं सांगू? छातीही फुगली. आमच्या घरचा आवाज होता तो!

"नीलेश... हलू नकोस..."

धुक्यातून मीना आली, सावकाश. एक हात बाजूला उंच धरलेला, कुणाच्या तरी पाठीवर ठेवावा तसा. शेजारी कोणी नव्हतं. मी झडप घालून तिला उचललं, छातीशी धरलं, रडले. मग तिचं तोंड पाहिलं. ओठांवर दुधाचा फेस होता. पदराने पुसला तर कोमट लागला.

"कुणी दिलं गं... हे?"

"आजोबांनी," ती म्हणाली. "संध्याकाळी धारेला पण ये म्हणाले. मी हो म्हटलं."