वाट सोडणाऱ्या मुंग्या

सगळ्या मुंग्या एका ओळीत चाललेल्या असताना दोन-चार मुंग्या ओळ सोडून भलतीकडे का जातात? त्यांना वास येत नाही, की त्या मुळातच मूर्ख असतात?

हा प्रश्न धामणस्कर बाईंनी सातवीच्या वर्गाला विचारला, तोही शेकडेवारीच्या तासाला. "विचार करा, उद्या सांगते," असं त्या म्हणाल्या आणि घंटा झाली. तो उद्या काही उजाडला नाही. दुसऱ्या दिवशी बाईंच्या जागी नेमक नावाचा शिकवणारा यंत्रमानव उभा होता.

बाई का गेल्या हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं, पण बोलत कुणीच नव्हतं. वर्गाच्या छताला 'लगाम' नावाचं यंत्र होतं. ते शिक्षकांचं प्रत्येक वाक्य धड्याशी ताडून बघायचं आणि जुळलं नाही तर तेवढा वेळ अवांतर (विषय सोडून घालवलेला) म्हणून नोंदायचं. बाईंना विषय सुटायला वेळ लागत नसे. नफा-तोट्यावरून त्या मिठागरात शिरत आणि मिठागरातून थेट समुद्राच्या तळाशी. मुलांनी याचा खेळच केला होता. एकेक प्रश्न टाकून बाईंना धड्यावरून उतरवायचं आणि लगामचा दिवा तांबडा करायचा! तपासणीच्या आठवड्यात तर पैज लागली. ती वल्लरी कासारने जिंकली. चाळीस मिनिटांच्या तासात एकोणतीस मिनिटं अवांतर! वर्गाने बाकं बडवली. त्याच संध्याकाळी बाईंना कामावरून काढल्याचा कागद आला. लगाम खोटं बोलला नव्हता. मुलांचा आगाऊपणा मोजायची सोय तेवढी त्याच्यात नव्हती.

नेमक नाकासमोर शिकवायचा. वल्लरीने त्याला मुंग्यांचं तीनदा विचारलं. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, "हा प्रश्न धड्याबाहेरचा आहे."

खाई त्याला खवखवे. वल्लरीला जेवण जाईना. बाईंना भेटून सगळं कबूल करायचं होतं, पण त्यांच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर घेतल्याशिवाय त्यांच्यासमोर उभं राहायची तिला लाज वाटत होती.

शेवटी तिने जुनीच युक्ती काढली. "सर, शेकडेवारीचं उदाहरण आहे. शंभर मुंग्यांपैकी शून्य टक्के मुंग्या वाट सोडतात. दुसऱ्या वारुळात पाच टक्के सोडतात. साखर संपल्यावर कुठल्या वारुळातल्या किती टक्के जगतील?"

शेकडेवारी म्हटल्यावर नेमकला नाही म्हणता येईना. त्याने फळ्यावर आभासी प्रयोग (खऱ्यासारखा, पण संगणकात केलेला प्रयोग) मांडला.

"मुंगीला खाऊ सापडला की परतताना ती जमिनीवर गंधखूण (इतर मुंग्यांना वाट दाखवणारा वास) सोडते," नेमक म्हणाला. "पहिल्या वारुळातल्या शंभरही मुंग्या त्या वासावरून साखरेपर्यंत गेल्या. एक मिनिटही वाया गेलं नाही."

"मग?"

"साखर संपली. नव्या गंधखुणा पडेनात, जुन्या विरल्या. वासाशिवाय चालणं या मुंग्यांना माहीत नव्हतं. जगल्या शून्य टक्के."

मग नेमकने दुसरं वारूळ दाखवलं. दुसऱ्या वारुळातल्या पाच मुंग्या आधीपासूनच इकडेतिकडे भटकत होत्या. चौघींना काहीच मिळालं नाही. पाचवीला कुंपणापलीकडे पडलेला पेरू सापडला. तिने गंधखूण सोडली आणि साखर संपली तेव्हा त्या वारुळाला दुसरी वाट तयार होती.

"म्हणजे चार फुकट गेल्या," मागून कुणीतरी म्हणालं.

"नाही. पेरू पाचवीला सापडेल हे आधी कळण्याचा मार्ग नव्हता. म्हणून पाचही जणींना सोडावं लागतं. याला शोधभटकंती (ठरलेली वाट सोडून नवं धुंडाळणं) म्हणतात." नेमकने फळा पुसला. "निष्कर्ष उपयुक्त आहे. उद्यापासून तासाचे पाच टक्के, म्हणजे दोन मिनिटं, अवांतर. विषय मी ठरवून देईन."

मुलं खो-खो हसली. वल्लरीला मात्र रडू फुटलं.

शाळा सुटल्यावर ती एस.टी. स्टँडवर गेली. बाई आता चौकशीच्या खिडकीत बसत. विचारलं तेवढंच सांगायचं काम! वल्लरी रांगेत उभी राहिली. पाळी आल्यावर तिने मुंग्यांचं उत्तर एका दमात सांगितलं आणि मग खाली मान घालून म्हणाली, "बाई, ते प्रश्न आम्ही मुद्दाम विचारत होतो. पैज होती. जिंकले मी."

"माहीत होतं मला."

"मग उत्तरं का देत होतात?"

बाईंनी चष्मा काढला. "दहा प्रश्न उनाडपणाचे असतील, पण एखादा तरी खरा असेल. कुठला ते मला कसं कळणार? म्हणून सगळ्यांना उत्तर देत होते."

"बाई, माफ करा."

"ते बघू पुढे. घर चालवायचं म्हणून इथे बसलेय मी, वल्लरी. राग गेला नाही अजून."

"ओ मॅडम, दापोली गाडी कुठं लागलीय?" मागचा माणूस ओरडला.

"फलाट तीन," बाई म्हणाल्या. "पुढचे या."

वल्लरी बाजूला झाली. स्टँडच्या भिंतीवरून मुंग्यांची एक ओळ वर चढत होती. एक मुंगी ओळ सोडून खिडकीकडे निघाली होती. ती कुठे जाते ते वल्लरीने बराच वेळ पाहिलं. तिला बाईंना एक प्रश्न विचारायचा होता, आणि या खेपेचा प्रश्न खरा होता. ती पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.