काखेत कळी घातलेली जर्सी

सोमवार, म्हणजे आमच्या लॉंड्रीत श्वास घ्यायला फुरसत नाही. मी वाफेत बुडालेली... आणि दार ढकलून एक ताडमाड तरुण आत आला. अंगात लाल लोकरी जर्सी, बाह्या जेमतेम कोपरापर्यंत!

"हे कुणाचं काम?"

"माझं. का हो?"

त्यानं हात वर उचलले. ते खांद्यापाशीच अडकले. "मी हेझलशॉ फुटबॉल क्लबचा गोलकीपर, राल्फ टर्नबुल. शनिवारी तीन गोल खाल्ले. तिन्ही डोक्यावरून!"

लोकर उकळत्या पाण्यात घातली की आटते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला मेलीला घाई नडली होती. हेप्झी मावशी इस्त्रीआडून खुदखुदत होती.

"शनिवारच्या आत नवी विणून देते," मी म्हटलं. "टेमर ऑग्डनचा शब्द आहे."

चार दिवसांत तशीच लाल विणली. काखेत चौकोनी कळी, म्हणजे जादा तुकडा घातला, हात थेट आभाळाला लागावेत. त्या शनिवारी त्यानं एकही गोल होऊ दिला नाही.

मग दर सोमवारी जर्सी घेऊन तो स्वतःच येऊ लागला.

"कपडे आणणारा क्लबचा माणूस कुठाय?"

"पाय मुरगळलाय त्याचा."

"सलग सात आठवडे?"

"दोन पाय आहेत ना त्याला..." तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. मी पाठ फिरवून हसले. आवडायला लागला होता मला तो, खोटं कशाला बोलू?

पण क्लब गुणतक्त्याच्या तळाशी रुतला होता. मे महिन्यात, पुढच्या वर्षी कुणाला ठेवणार याची यादी मैदानाच्या फाटकावर लागते. नाव नसलं, तर राल्फला डरहॅमला परतावं लागणार, बापाबरोबर कोळशाच्या खाणीत.

"मी हटणार नाही, टेमर," तो म्हणायचा. आणि हटला नाही. चिखलात, गारठ्यात, बोट मोडलं तरी उभा राहिला. शेवटच्या सामन्यात तर पेनल्टीही अडवली! तरी एका गोलानं हरलो, आणि क्लब खालच्या विभागात घसरला.

यादीच्या दिवशी सकाळी तो लॉंड्रीत आला. केस विंचरलेले, टोपी हातात.

"यादी बघितलीस?" मी विचारलं.

"नाही. मुद्दाम मागच्या गल्लीनं आलो. नाव असलं तर चेंडू अडवीन, नसलं तर कोळसा फोडीन. माझा प्रश्न तोच राहणार... टेमर, माझ्याशी लग्न करशील?"

"करीन," मी म्हटलं. जरासुद्धा अडखळले नाही.

त्यानं मला उचललंच! हात कसे झरझर वर गेले त्याचे. मावशीनं डोळ्याला पदर लावावा तसा एप्रन लावला.

"चल, आता यादी बघू," तो म्हणाला.

"मी बघून आले, सकाळी सहालाच." मी त्याचा हात घट्ट धरला. "तुझं नाव नाही, राल्फ."

"आणि तरी... हो म्हणालीस?"

"हो. डरहॅमला कपडे मळत नाहीत की काय?"

तो हसला, डोळे पुसत. मी चुलीवरून पाणी उतरवलं, थोडं निवू दिलं, आणि ती लाल जर्सी कोमट पाण्यात भिजत घातली. डरहॅमची आमची गाडी गुरुवारची होती, तोवर वाळायला हवी होती.